एल्कच्या हिवाळी कुरणांत लांडगे शिरले, शिकारी चिडले: नक्की काय चाललंय?

बोझमनकर

यलोस्टोन उद्यानाच्या उत्तरेच्या वेशीवर, माँटानात, गार्डिनर नावाचं छोटं गाव आहे. नोव्हेंबरात वर डोंगरात बर्फ साचायला लागलं की एल्कचे कळप यलोस्टोन नदीच्या कडेकडेने खाली उतरतात. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद समजा. नर तीनशे किलोच्या वर भरतो.) खाली बर्फ कमी असतं, आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर वाऱ्याने गवत उघडं पडलेलं असतं. तिथे अर्धपोटी चार-पाच महिने काढायचे आणि वसंतात पुन्हा वर जायचं, असा हजारो वर्षांचा शिरस्ता.

गार्डिनरचा हिवाळा या कळपाच्या जिवावर चालायचा. नेहमीचा हंगाम संपल्यावर, ऐन थंडीत, १९७६ पासून तिथे उशिराची खास शिकार ठेवलेली असे, मुख्यतः माद्यांची. मोटेलं भरायची, मांस कापून बांधून देणाऱ्यांना उसंत नसायची, घोडे आणि वाटाडे पुरवणाऱ्या आउटफिटरांचं वर्षाचं गणित त्यावर बसायचं. मग १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडले. १९९४ च्या मोजणीत उत्तरेच्या कळपात १९,००० च्या वर एल्क होते. २०१३ मध्ये निघाले ३,९१५. उशिराची शिकार २०१० पर्यंत बंदच पडली.

शिकाऱ्यांचा हिशेब सरळ आहे. लांडगे आले, एल्क गेले. इथे किराणा दुकानाच्या रांगेपासून मुलांच्या हॉकीच्या सामन्यापर्यंत कुठेही हा विषय काढा, समोरचा तासभर बोलतो. मी स्वतः शिकार करत नाही, पण ऐकून ऐकून माझं मत असं झालंय की त्यांची तक्रार खरी आहे. फक्त ती एल्क किती उरले याची नाही, हिवाळ्यात ते कुठे उभे असतात याची आहे. जाणकारांनी भर घालावी.

पेठेतला

मांस बाजारात मिळतं. लांडगा पोटासाठी मारतो, माणूस फोटोसाठी. माझं मत लांडग्याला. धाग्यासाठी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आयडाहोचे अण्णा

पेठेतले, पॉपकॉर्न बाजूला ठेवा आणि ऐका. मी सांगलीचा, पण इकडे येऊन पंचवीस वर्षं होत आली आणि दर वर्षी टॅग (एक जनावर मारायचा परवाना) काढतो. शिंगांसाठी मारणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण माझ्या ओळखीतले बहुतेक जण मादीच्या टॅगसाठी अर्ज करतात, कारण एका मादीचं सत्तर-ऐंशी किलो मांस निघतं आणि घराचा वर्षाचा प्रश्न सुटतो. आणि तुम्हाला तिकडे बसून जी हरणं आणि अस्वलं आवडतात त्यांचा खर्च कोण करतं? १९३७ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. वर परवान्यांचे पैसे वेगळे. आपल्याकडे १९७२ पासून शिकार बंद, म्हणून 'शिकारी' म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं. इथे शिकारीच खात्याचा मोठा पोशिंदा आहे.

आता लांडग्यांचं. आयडाहोत क्लिअरवॉटर नदीच्या वरच्या खोऱ्यात 'लोलो झोन' आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे पंधरा-सोळा हजार एल्क होते. आज त्याच्या दहा टक्केही नाहीत. बापाने मुलाला, मुलाने नातवाला जिथे शिकार शिकवली ते तळ ओस पडलेत. कागदावर राज्यात एल्क भरपूर आहेत म्हणे! असतील. माझ्या दरीत नाहीत त्याचं काय?

आणि जे आहेत ते वागायचे तसे वागत नाहीत. सप्टेंबरात नर जी शीळ घालायचे ती कमी झाली. उघड्या कुरणात सकाळी शंभर-दीडशेचा कळप दिसायचा, आता पाच-सात जण दाट झाडीत दबकून. हिवाळ्यात गाभण मादीकडे अंगावरच्या चरबीशिवाय काही नसतं. बर्फात तिला रोज पळवलं तर वासरू कसलं निघणार? हे आम्ही डोळ्यांनी बघतो, आणि लोक म्हणतात 'पुरावा दाखवा'.

रानवेडी

अण्णा, तुम्ही जे बघितलंत ते खोटं आहे असं कोणीच म्हणणार नाही. लांडगे आसपास असले की एल्क उघड्यावरून झाडीत सरकतात, हे गॅलटिन दरीतल्या अभ्यासात नोंदवलेलं आहे. 'घाबरून पळापळ झाली म्हणून वासरं कमी' हा मुद्दा मात्र वादाचा राहिलाय. वायोमिंगच्या क्लार्क्स फोर्क भागात गळ्यात पट्टे बांधून एल्कचा माग काढला, माद्यांची चरबी मोजली. लांडगे जवळ असण्याने चरबीत फारसा फरक पडलेला दिसला नाही. फरक पाडत होता कोरडा उन्हाळा. वरच्या कुरणांतलं हिरवं गवत लवकर वाळतं, मादी अंगावर चरबी न धरताच खाली उतरते, आणि पुढच्या वर्षी गाभण राहत नाही. म्हणजे हिवाळ्यात दिसणारी दशा उन्हाळ्यात ठरलेली असते.

आता उत्तरेच्या कळपाकडे येऊ. १९,००० वरून ३,९१५ हा आकडा फेसबुकवर लांडग्याच्या फोटोखाली फिरतो. मधल्या काळात काय काय झालं ते बघा. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता, लांडगे तेव्हा मूठभर, आणि एल्क भुकेने मेले. पुढे दुष्काळाची वर्षं लागली. पहाडी सिंह (प्यूमा) परत वाढले होते. ग्रिझली अस्वलं वाढली. २००३ ते २००५ या काळात नवजात वासरांना पट्टे लावून बघितलं, तर मेलेल्या वासरांपैकी निम्म्याहून जास्त अस्वलांनी खाल्लेली होती, लांडग्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली. अस्वलं वासरांकडे वळायला एक कारण तर मासा आहे. यलोस्टोन तलावात कोणीतरी बाहेरचा लेक ट्राउट सोडला, त्याने तिथला कटथ्रोट ट्राउट संपवत आणला. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढायचा आणि अस्वलांना आयता मिळायचा. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतो. मग अस्वलांनी मेमध्ये-जूनमध्ये काय खावं?

आणि एक राहिलंच, उशिराची शिकार. कळप घसरत असतानाही काही वर्षं माद्यांचे टॅग भरपूर वाटले गेले. लांडग्यांनी मारलेल्या माद्यांचं सरासरी वय १४ च्या आसपास निघालं, शिकाऱ्यांनी मारलेल्यांचं साडेसहा. चौदा वर्षांची म्हातारी तशीही एकदोन हिवाळ्यांची सोबतीण. साडेसहाची मादी म्हणजे ऐन वासरं देणारी. कळपाला कोणती जाण्याने जास्त खड्डा पडतो ते सांगायला नको.

आयडाहोचे अण्णा

वयाचा मुद्दा मान्य. पण मग टॅग शून्यावर आणले तरी कळप तसाच खाली का बसून राहिला? माझ्या लोलोचंही तसंच. १९१० च्या महावणव्यानंतर झुडपं वाढली, एल्क फोफावले, पुढे झाडी पुन्हा दाट झाली, चारा कमी झाला, त्या ९६-९७ च्या हिवाळ्याने कंबर मोडली. सगळं मला माहीत आहे. खाली कोणी ढकललं ते सोडा, वर येऊ कोण देत नाही ते बोला.

रानवेडी

हा प्रश्न बरोबर आहे, आणि लोलोत त्याचं उत्तर मोठ्या प्रमाणात लांडगेच आहे. आयडाहोच्या खात्याचं स्वतःचंही तेच म्हणणं आहे. पण एका खोऱ्याचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. माँटानाच्या बिटररूटमध्ये वेस्ट फोर्कचा कळप घटला तेव्हा सगळ्यांनी लांडग्यांकडेच बोट दाखवलं होतं. २०११ पासून तीन वर्षं वासरांचा अभ्यास झाला. सगळ्यात जास्त वासरं पहाडी सिंहाने मारलेली. त्या अभ्यासाला स्थानिक शिकाऱ्यांच्या संघटनांनीही पैसे दिले होते, म्हणून निष्कर्ष गिळायला थोडे सोपे गेले. सिंह रात्री एकटा मारतो आणि पाचोळ्याखाली झाकून ठेवतो. लांडगे टोळीने येतात, रडतात, बर्फात ठसे सोडतात. दिसतो त्याच्यावर आळ येतो.

अवांतर: 'निसर्गाचं संतुलन बिघडलं' म्हणणाऱ्यांसाठी. लांडगे नव्हते त्या काळात उद्यानाचे रेंजर स्वतः एल्क मारायचे, कारण कळप कुरण खाऊन संपवत होता. १९६१-६२ च्या एका हिवाळ्यात ४,००० च्या वर मारले. १९६८ मध्ये लोकांच्या रागापुढे ते थांबलं, तेव्हा मोजणीत साधारण ३,२०० एल्क उरले होते. म्हणजे लांडग्याशिवायही हा कळप याच पातळीवर आलेला आहे. १९,००० हा 'मूळ' आकडा नाही, तो उच्चांक होता. आउटफिटरांनी धंदे उच्चांकावर बांधले.

माळावरचा

सोलापूरकडून नमस्कार. नान्नजच्या माळावर आमच्याकडेही लांडगा आहे, पण तुमच्यापेक्षा निम्म्या अंगाचा, वीसेक किलोचा. इथे शिकारी नाही, मेंढपाळ आहे. कोकरू गेलं तर पंचनामा, मग कागदपत्रं, मग वाट बघणं. राग त्यालाही येतो, पण टॅग मिळत नाही म्हणून लांडग्यावर राग, हे पहिल्यांदाच ऐकतोय.

एक बाळबोध शंका. हिवाळ्यात चारा कमी पडतो हेच मूळ दुखणं असेल तर सरकार छावणी का काढत नाही? आम्ही दुष्काळात जनावरांना काढतोच की.

जॅक्सनची जाई

दादा, काढलीय ना! तीच तर आमची डोकेदुखी आहे. मी वायोमिंगमध्ये जॅक्सनला राहते. इथलं खोरं म्हणजे एल्कचं हिवाळी कुरण होतं. तिथे गाव वसलं, रँचेस (गुरांचे मोठे मळे) झाल्या, आणि १९०९ ते ११ च्या हिवाळ्यांत एल्क हजारांनी उपाशी मेले. लोकांनी आपल्या गवताच्या गंज्या वाचवायच्या की एल्क, अशी वेळ आली. म्हणून १९१२ मध्ये नॅशनल एल्क रेफ्यूज काढलं. आजही कडक हिवाळ्यात तिथे हजारो एल्कना अल्फाल्फाच्या गोळ्या घालतात. शिवाय राज्याची अशी वीसहून जास्त चारा-केंद्रं आहेत. लक्षात घ्या, तेव्हा लांडगे इथून जवळजवळ संपवलेले होते. कुरण माणसांनीच घेतलं होतं.

आता एका जागी ओळीने चारा टाकलेला, पाचशे एल्क तिथे उभे, आणि लांडग्याला वास लागला तर काय होणार? मार्च २०१६ मध्ये बाँडुरांटजवळच्या चारा-केंद्रावर एका टोळीने एका रात्रीत १९ एल्क मारले, त्यातली १७ वासरं. बहुतेक खाल्लीही नाहीत. तो फोटो आजही इथल्या प्रत्येक वादात निघतो. असं क्वचितच होतं, एरवी रात्रीला एकदोन. पण कोणाला एकदोन आठवतात?

शिकाऱ्यांपेक्षा रँचवाल्यांची तक्रार निराळी आहे. लांडगे आले की एल्क चारा-केंद्र सोडून पांगतात, शेजारच्या गाईंच्या गवतात घुसतात. एल्कमध्ये ब्रुसेलोसिस आहे, त्याने गाई गाभडतात. एक गाय बाधित निघाली की सगळा गोठा तपासणीत अडकतो. म्हणजे लांडग्याने गाय मारली नाही तरी नुकसान झालंच.

पण याची दुसरी बाजूही आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा असाध्य रोग हरणांत पसरतोय आणि २०२४-२५ च्या हिवाळ्यात तो वायोमिंगच्या चारा-केंद्रांवरच्या एल्कमध्ये सापडला. लाळेतून, शेणातून, मातीतून पसरतो. त्याला गर्दीसारखं खत नाही. अशा वेळी एल्क पांगवणारा कोणी असावा की नसावा? आमच्याकडे याच्यावर घरं फुटायची वेळ आलीय.

डेन्व्हरकर

कोलोरॅडोतून. आमच्याकडे लांडगे मतदानाने आले. २०२० च्या निवडणुकीत लांडगे आणायचा ठराव, प्रपोझिशन ११४, ५१ टक्क्यांच्याही आत, जेमतेम पास झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगॉनहून आणलेले दहा लांडगे सोडले. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाहून आणखी १५. मी बाजूने मत दिलं होतं, आजही देईन. राज्यात अडीच लाखांच्या वर एल्क आहेत, जगातला कुठल्याही राज्यातला मोठा साठा. काही डझन लांडग्यांनी त्याला काय होणार?

आयडाहोचे अण्णा

होणार नाही काही. तुम्हाला. तुमच्या कॉन्डोच्या मागे कुठे एल्क आहेत? मत डेन्व्हर-बोल्डरने दिलं, लांडगे सोडले डोंगरापलीकडे. पुण्यात बसून जुन्नरच्या उसात बिबटे सोडायचा ठराव करा आणि मग तिकडच्या लोकांना विचारा.

डेन्व्हरकर

जुन्नरला कोणी बिबटे सोडायला नको, ते आहेतच. पण तुमचा मुद्दा समजला. रागावू नका, एक उदाहरण देतो आणि तुम्हीच ठरवा. व्हेल या स्कीइंगच्या गावाच्या आसपास, आय-७० महामार्गाच्या बाजूला, एल्कचा कळप होता. मोजणीत हजारावर दिसायचे. २०१९ पर्यंत शंभराच्या आत आले. तेव्हा कोलोरॅडोत लांडगा सोडलेलाच नव्हता. तिथे काय होतं? हायकिंगच्या नव्या वाटा, बर्फातल्या सायकली, कुत्रे घेऊन फिरणारे, उतारांवर घरं. माझ्यासारखेच लोक. मीही तिथे स्कीइंगला जातो. व्हेलच्या भागातच पूर्वी एक प्रयोग झाला होता, विणीच्या काळात माणसांना मुद्दाम एल्कच्या जवळून चालत नेलं तर त्या माद्यांची वासरं ठळक कमी जगली. आता माझ्या मागच्या वाटेच्या विरोधात कोणी सभा घेत नाही.

पेठेतला

पॉपकॉर्न संपले. मत मागे घेत नाही, पण लांडग्याला एकट्याला देऊन भागणार नाही असं दिसतंय.

संपादक मंडळ

वैयक्तिक शेरे टाळा. कॉन्डो, पेठ वगैरे उल्लेख पुरे.

रानवेडी

शिकाऱ्यांची भीती फक्त एल्कची नसते हेही लिहायला हवं. त्यांना वाटतं आपलं ऐकलंच जात नाही. २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका अर्थविधेयकात कलम घालून आयडाहो आणि माँटानातल्या लांडग्यांचं संरक्षण काढलं, तेव्हा अनेकांना वाटलं चला, आता तोल सांभाळता येईल. वायोमिंगचं तर २०१२ मध्ये काढलं, २०१४ मध्ये कोर्टाने परत लावलं, २०१७ मध्ये परत काढलं. कायदा असा हेलकावे खायला लागला की कोणीच मधल्या जागी थांबत नाही.

मग २०२१ मध्ये लंबक दुसऱ्या टोकाला गेला. माँटानाने यलोस्टोनच्या वेशीला लागून असलेल्या दोन विभागांतली लांडग्यांची मर्यादाच उठवली. त्या हिवाळ्यात उद्यानातले २५ लांडगे बाहेर मारले गेले, आणि एक अख्खी टोळी संपली. ते बाहेर का आले होते? एल्क खाली उतरले म्हणून. आता उत्तरेच्या कळपातला मोठा हिस्सा उद्यानाबाहेरच हिवाळा काढतो, लांडगे त्यांच्या मागे. पुढच्या हंगामात त्या पट्ट्याला सहाची मर्यादा लावली. तोवर गार्डिनरमध्ये दुसरा धंदा उभा राहिला होता, लांडगे दाखवायचा. दुर्बिणी लावून पहाटे उद्यानातल्या लामार दरीत उभे राहणारे लोक मोटेलांत राहतात, तेही जानेवारीत. एकाच गावात एक जण लांडगा मेला म्हणून सुटकेचा श्वास टाकतो आणि त्याचा शेजारी बुकिंग रद्द झाल्याचा ईमेल वाचतो.

बोझमनकर

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा बरा चालला. मूळ मुद्द्यावर येतो.

माँटानात अलीकडच्या मोजणीत सुमारे १,४०,००० एल्क आहेत, खात्याने ठरवलेल्या लक्ष्याच्या बरेच वर. लांडगे येऊन तीस वर्षं झाल्यावरची ही गोष्ट. मग माझा शेजारी रिकाम्या हाताने का येतो? कारण एल्क शहाणे झालेत. सरकारी जंगलात वर लांडगे आणि शिकारी, दोन्ही. खाली मोठ्या खाजगी रँचेस, तिथे शिकारीला बंदी किंवा फक्त पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांना परवानगी. ऑक्टोबरात पहिली गोळी वाजली की कळप कुंपण ओलांडून आत. तिथे आठशे एल्क रस्त्यावरून दिसतात आणि हात लावता येत नाही. त्यात करोनानंतर पॅरडाइज व्हॅलीसारख्या दऱ्यांत जमिनींचे भाव चढले, जुनी रँच विकली की नवा मालक शिकारीला पाटी लावतो, किंवा तुकडे पाडून घरं बांधतो. दरीचा तळ म्हणजेच हिवाळी कुरण. ते दर वर्षी थोडं थोडं जातंय, आणि त्याच्यासाठी कोणी लांडग्याइतका आरडाओरडा करत नाही. लांडग्याचा टॅग काढता येतो, इस्टेट एजंटचा नाही.

अण्णांच्या लोलोला हे लागू नाही हे मान्य. तिथे बहुतेक जमीन सरकारीच आहे.

माळावरचा

बोझमनकर, मग त्या रँचवाल्यांना सरकारने पैसे देऊन सामान्य शिकाऱ्याला आत घ्यायला का लावू नये? आमच्याकडे मेंढ्या शेतात बसवायला शेतकरी उलट धनगराला पैसे किंवा धान्य देतो, खत मिळतं म्हणून. दोघांचं भागतं.

बोझमनकर

तशी योजना आहे. 'ब्लॉक मॅनेजमेंट' म्हणतात. परवान्याच्या पैशातून खातं जमीनमालकाला मोबदला देतं आणि तो लोकांना आत सोडतो. लाखो एकर त्यात आहेत. अडचण अशी की मोबदला बेताचा. ज्याच्या जमिनीवर मोठे नर उभे आहेत त्याला एकेका श्रीमंत पाहुण्याकडून त्याहून जास्त मिळतात. आणि ज्याने रँच शांततेसाठी विकत घेतलीय त्याला पैशांची गरजच नाही. काही मालक मात्र माद्यांच्या शिकारीला आत घेतात, कारण एल्क त्यांचं गवत खातात आणि ब्रुसेलोसिसची धास्ती आहेच. तिथे फोन करून, ओळख काढून, कुंपण दुरुस्तीला हात लावून परवानगी मिळवणारे लोक मी बघितलेत.

आयडाहोचे अण्णा

कुंपण दुरुस्ती जमते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला त्या भागात मादीचा टॅग मिळतो का, आणि अर्जाची मुदत कधीपर्यंत असते? व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.